३० जुलै २०२८ च्या आधी: सुलोचनादीदींसाठी कोल्हापुरातनं एक खुलं पत्र

प्रति,
अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूर चित्रनगरी आणि कोल्हापूर महानगरपालिका इथल्या पदाधिकारी आणि अधिकारी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

३० जुलै २०२८ ला सुलोचना लाटकर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सुलोचनादीदी, यांच्या जन्माला शंभर वर्षं होणार. त्या दिवशी कोल्हापुरात काहीतरी कार्यक्रम होणारच, हार घातलेला फोटो, स्टेजवर पंधरा खुर्च्या, 'पडद्यावरची प्रेमळ आई' असं लिहिलेलं मोठं फ्लेक्स, भाषणं, जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. माझी कळकळीची विनंती आहे की यावेळी एवढ्यावर भागवू नका. ही बाई आपल्या गावातल्या स्टुडिओत काम शिकली, पंधरा वर्षं मराठीची हिरॉईन होती, आणि नंतर कित्येक वर्षं रोज मेकअप करून मुंबईत शूटिंगला जात होती, पोटासाठी आणि कामाच्या आवडीसाठी. ती कामाची बाई लोकांसमोर आणा. आईच्या फोटोमागं ती पार दडून गेलीय. आणि त्यासाठी जे कागद, फोटो, प्रिंटा, आठवणी लागणार ते गोळा करायला आत्तापासनं लागा, जुलै २०२८ ला जाग येऊन उपयोग नाही.

आता कुणी म्हणेल दीदी तर मुंबईच्या, प्रभादेवीला राहिल्या, कोल्हापूरचा काय संबंध. संबंध आहे आणि मुळातनं आहे. दीदी खडकलाटच्या, चिकोडी तालुक्यातलं गाव, कागल-निपाणी ओलांडलं की तास-सव्वा तासाचा रस्ता, आज कर्नाटकात आहे पण बाजारहाट, सोयरीक, दवाखाना सगळं आपल्याशी जोडलेलं. घरी सिनेमाचा गंध नाही, लग्न लहान वयातच झालेलं. १९४३ च्या सुमाराला ही पोरगी कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समधी दाखल झाली. त्याच कंपनीत तेव्हा अजून एक किरकोळ अंगाची पोरगी कामाला होती, लता मंगेशकर. दोघींची दोस्ती तिथं जमली आणि ती जन्मभर टिकली. विचार करा, कोल्हापुरातल्या एका कंपनीत एकाच वेळी या दोघी बारीकसारीक कामं करत बसलेल्या, आणि आपल्या गावात त्या गोष्टीची साधी पाटी नाही.

मग मास्टर विनायकांनी कंपनी मुंबईला नेली. लताबाई गेल्या, दीदी मागं राहिल्या आणि जयप्रभा स्टुडिओत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्याकडं गेल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं खरं वळण हे आहे, हिंदीत गेल्या ते नंतरचं. सुलोचना हे नाव पण भालजींनीच दिलेलं. भालजी म्हणजे बाबा, सगळं युनिट त्यांना बाबाच म्हणायचं, आणि दीदींनी त्यांना शेवटपर्यंत गुरू मानलं, कुठल्याही मुलाखतीत बाबांचं नाव आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढं सरकायचं नाही. खेड्यातली बोली घेऊन आलेल्या पोरीला शुद्ध, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत कळेल असं बोलायला तिथं शिकवलं गेलं. कसं उभं रहायचं, पदर कसा सावरायचा, दुसरा बोलत असताना आपण काय करायचं, हे सगळं. त्या काळात नट-नटी कंपनीत महिन्याच्या पगारावर असायच्या, आजच्यासारखं चार दिवस येऊन शूटिंग उरकून जायचं असा प्रकार नव्हता, सकाळी यायचं, दिवसभर तिथंच, दुसऱ्याचं काम बघायचं, तालीम करायची. म्हणजे जयप्रभा ही तालीमच होती, आणि कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

१९४६ ला 'सासुरवास' आला आणि दीदी हिरॉईन झाल्या, वय अठरा. पुढं दोनच वर्षांत, गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत, जयप्रभा जाळण्यात आला. त्या आगीत 'मीठभाकर' हा पिक्चर पण गेला. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ परत उभा केला आणि 'मीठभाकर' परत काढला, १९४९ ला तो आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. आपल्या गावाची जिद्द सांगताना आपण ही गोष्ट नेहमी बाबांची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण स्टुडिओ जळतो तेव्हा फक्त मालक रस्त्यावर येत नाही हो, लाइटवाले, रंगभूषावाले, शिंपी, सुतार, एक्स्ट्रा म्हणून येणाऱ्या पेठेतल्या बाया, आणि त्या कंपनीच्या भरवशावर घरदार चालवणारी वीस वर्षांची हिरॉईन, सगळेच येतात. यांची गोष्ट कोण सांगणार?

१९५३ ला शांताराम आठवल्यांनी 'वहिनींच्या बांगड्या' केला, य. गो. जोशींच्या कथेवर. तिथनं दीदी घराघरात गेल्या. तेव्हा त्यांचं वय पंचवीस, आणि आपल्या बायाबापड्यांनी त्यांना तेव्हापासनंच थोरली करून टाकलं. पडद्यावर सोसणारी, सांभाळून घेणारी, आतल्या आत रडणारी. आमच्या घरात माझी आजी दीदींचं नाव घरच्या माणसासारखं घ्यायची, 'वहिनी' म्हणायची त्यांना, सुलोचना नाही. मला हे सांगताना भरून येतं पण त्याचबरोबर असंही वाटतं की आपण त्या बाईला जे प्रेम दिलं त्यातच तिला अडकवून टाकलं.

कारण पुढं हिंदीत जे झालं त्याचा हिशोब एकदा वर्षांनिशी बघा. १९५९ ला 'दिल देके देखो' आला, त्यात दीदी शम्मी कपूरच्या आई. शम्मी कपूरचा जन्म १९३१ चा, दीदींचा १९२८ चा. तीन वर्षांनी लहान पोराची आई! त्याच वर्षी 'सुजाता', तिथं पडद्यावरच्या दोन मुली, नूतन १९३६ ची आणि आपल्या सोलापूरची शशिकला १९३२ ची. आणि १९७० चा 'जॉनी मेरा नाम' घ्या, त्यात देव आनंद आणि प्राण भाऊ-भाऊ, त्यांची आई कोण तर सुलोचनादीदी. देव आनंदचा जन्म १९२३ चा, प्राणचा १९२० चा. म्हणजे आई बेचाळीस वर्षांची आणि पोरं सत्तेचाळीस आणि पन्नास वर्षांची, आणि ते सत्तेचाळीस वर्षांचं पोरगं बावीस वर्षांच्या हेमा मालिनीबरोबर गाणी म्हणतंय. हिरो हिरोच राहिला, बाईला मात्र तिशी लागली की केस पांढरे करून खुर्चीत बसवलं. यात दीदींचा मोठेपणा आहे की असल्या भूमिका सुद्धा त्यांनी जीव ओतून केल्या, पण या इंडस्ट्रीनं बायकांशी जे केलं ते पण त्याच्यातच दिसतंय, आणि प्रदर्शनात नुसतं 'लाडकी आई' लिहून ते झाकायचं कशाला. हा वर्षांचा तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. कॉलेजच्या पोरी तो बघून थांबतील, वाचतील, एकमेकींना सांगतील, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

आता 'सुजाता'बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते दीदी समजून घ्यायच्या असतील तर हा पिक्चर बघायलाच पाहिजे. बिमल रॉय यांचा पिक्चर. इंजिनियर उपेन आणि त्याची बायको चारू, यांच्या दारात एक अनाथ तान्हं मूल येतं, अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतलं. ते त्याला ठेवून घेतात, वाढवतात. चारू म्हणजे दीदी. ही आई प्रेमळ आहे का? आहे. पण ती त्या पोरीची ओळख करून देताना 'बेटी' म्हणत नाही, 'बेटी जैसी' म्हणते, पाहुण्यांसमोर, पोरीच्या देखत. पोरगी मोठी होते, घरातलं सगळं काम करते, आईचं दुखलंखुपलं बघते, आणि दरवेळी तिच्या वाट्याला ते 'जैसी' येतं. दीदींनी ही बाई दुष्ट केलेली नाही, हेच तर त्यांचं काम. खाष्ट सासूसारखे डोळे वटारले असते तर बघणारा मोकळा झाला असता, म्हणाला असता ही बाई वाईट आहे, मी नाही असा. पण इथं आवाज मऊ, चेहरा मायाळू, पोरीवर जीव पण आहे, आणि तरी आतली अढी काही केल्या सुटत नाही. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली कुठलीही चांगली बाई. शेवटी चारू जिन्यावरनं पडते, रक्ताची गरज लागते, आणि घरात रक्त जुळतं ते फक्त सुजाताचं. मग तोंडातनं 'बेटी' निघतं. किती उशिरा निघतं ते दीदींच्या चेहऱ्यावर वाचता येतं. त्या वेळी त्यांचं वय होतं तीस-एकतीस.

आणि ही बाई घडली कुठं? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. ज्या महाराजांनी १९०२ ला नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चारचौघांत चहा घेतला, त्या गावात 'सुजाता' शाहू स्मारक भवनात दाखवायचा, आणि दाखवल्यावर अर्धा-पाऊण तास लोकांना बोलू द्यायचं, शाळेतल्या बाईंना, आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना, कॉलेजच्या पोरांना, यापेक्षा चांगला शताब्दीचा कार्यक्रम मला तरी सुचत नाही. सत्काराच्या शाली-नारळाच्या खर्चात सहज बसेल.

मराठीतलं पण असंच. 'मोलकरीण' मधली, 'एकटी' मधली आई लोकांना पाठ आहे, बायका आजही त्यातले प्रसंग सांगताना डोळे पुसतात. भालजींच्या 'मराठा तितुका मेळवावा' मधल्या जिजाऊ पण लक्षात आहेत, त्याचं संगीत लताबाईंनी आनंदघन या नावानं केलेलं, म्हणजे प्रफुल्ल पिक्चर्समधल्या दोन मैत्रिणी वीस वर्षांनी बाबांच्या पिक्चरमधी परत एकत्र आल्या. पण १९६१ चा 'प्रपंच' किती जणांनी बघितलाय? शाहीर अमर शेख आणि दीदी, गरीब कुंभाराचं घर, पोरांवर पोरं आणि त्यांना घालायला अन्न नाही. ज्या काळात कुटुंब नियोजन हा शब्द घरात उच्चारायची चोरी होती त्या काळात हा विषय मराठी पिक्चरनं घेतला आणि त्यातली बाई दीदींनी केली. हा पिक्चर मोठ्या पडद्यावर परत लावा.

मराठीत पन्नासच्या आसपास आणि हिंदीत अडीचशेच्या आसपास पिक्चर. फिल्मफेअरचा जीवनगौरव, १९९९ ला पद्मश्री, २००९ चा महाराष्ट्र भूषण. ४ जून २०२३ ला त्या गेल्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन. पुरस्कारांची यादी तुमच्याकडं असणारच, त्यात मी वेळ घालवत नाही.

त्या गेल्या तेव्हाचा एक अनुभव मात्र सांगितलाच पाहिजे. आमच्या भागात एका मंडळानं श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावलं, भावना चांगली, पण फोटो लावला लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाणांचा. त्या पण थोरच, त्यांचं सासर कोल्हापूरशी जोडलेलं, त्या डिसेंबर २०२२ लाच गेलेल्या. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईला आपण परत श्रद्धांजली वाहिली आणि जिला वाहायची तिचा चेहरा आपल्याला आठवला नाही. मूकपटाच्या काळातल्या एक सुलोचना आहेत, रूबी मायर्स, मोबाईलवर शोधायला गेलं की या तिघींची माहिती एकमेकीत मिसळून येते, एकीचं वय दुसरीला, एकीचे पिक्चर तिसरीला. मी जाऊन सांगितलं तेव्हा तिथली पोरं खजील झाली, लगेच फ्लेक्स उतरवलं, त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांना खात्रीचा फोटो आणि खात्रीची माहिती मिळेल अशी एकही जागा गावात नाही, हा दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा.

कोल्हापूर कलापूर आहे हे आपण उठता-बसता सांगतो. बाबूराव पेंटर, भालजी, शांतारामबापू म्हणजे व्ही. शांताराम, ही नावं प्रत्येक पोराला माहीत पाहिजेतच. चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय राजारामपुरीत आहे, जाऊन बघण्यासारखं आहे. वि. स. खांडेकरांचं संग्रहालय विद्यापीठात आहे. नटीचं काय आहे? १९२० ला बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला, त्यात गुलाबबाई आणि अनुसयाबाई या दोघी पडद्यावर आल्या, कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी. बाईनं कॅमेऱ्यासमोर उभं राहणं म्हणजे अब्रू घालवणं असं समजायचा तो काळ, बायकांची कामं बहुतेक पुरुषच करायचे. त्या दोघी उभ्या राहिल्या म्हणून वीस-बावीस वर्षांनी खडकलाटची पोरगी स्टुडिओच्या दारात येऊ शकली. या दोघींची नावं आज गावात दहा माणसांना विचारा.

माझ्या ओळखीच्या एका घरात जयप्रभातल्या युनिटचा एक ग्रुप फोटो आहे. त्या घरातले आजोबा तिथं लाइटमन होते. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधल्या रांगेत खुर्च्या, पुढं जमिनीवर मांडी घालून बसलेली माणसं, मागं उभी असलेली. पाठीमागं आजोबांनी पेन्सिलीनं सगळ्यांची नावं लिहिलीत, एका खाली एक, नावापुढं काम पण लिहिलंय, सुतार, रंगारी, कॅमेऱ्याचा पोऱ्या, हिशोबनीस, आणि एकाच्या नावापुढं 'घोड्यावर चांगला बसतो'. डाव्या कोपऱ्यात चार बाया आहेत. चौघींच्या चेहऱ्यावर ऊन आलंय, एकीनं हात आडवा धरलाय. पाठीमागं त्यांच्या जागी एकच शब्द आहे, 'बाया'. आजोबांनी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, त्या काळात परक्या बाईचं नाव लिहायची रीत नसावी. पण आज त्या चौघींना ओळखणारं कुणी राहिलेलं नाही, आणि असे किती फोटो गावात असतील. दीदींचं नाव मोठं झालं म्हणून ते टिकलं. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बायांना नावं मिळवून द्यायची शेवटची संधी हीच आहे, कारण त्यांना बघितलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून म्हणते घाई करा. पिक्चर तर आधीच किती गेलेत. १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी, आणि नाही पेटली तरी नुसती ठेवून ठेवून चिकट होऊन तिचा भुगा होतो. ८ जानेवारी २००३ ला पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या गोदामाला आग लागली त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या काळातला केवढा ठेवा गेला. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाकडं दीदींचे कुठले पिक्चर कुठल्या अवस्थेत आहेत याची यादी तुमच्यापैकी एकानं लेखी मागवावी, हे पहिलं काम. यादी आली की कळेल काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि काय गेलं. गेलेल्या पिक्चरची गाण्याची पुस्तकं तरी घराघरात असतील, थेटराच्या बाहेर दोन-चार आण्याला मिळायची ती, मुखपृष्ठावर हिरॉईनचा चेहरा, आत कथासार आणि गाणी. आमच्याच घरात पत्र्याच्या पेटीत आजीनं जपलेली आहेत. पोस्टरं आहेत, थेटरात काचेच्या मागं लावायचे फोटो आहेत, कंपनीच्या पगाराच्या पावत्या असतील, कुणाकडं शिंप्याची मापाची वही असेल. हे सगळं रद्दीत जायच्या आधी एका ठिकाणी बघायला मिळालं पाहिजे.

आता लोक देणार का हा प्रश्न आहे, आणि इथं मला स्पष्ट बोलायचंय. लोक देत नाहीत कारण दिलेली वस्तू परत येत नाही. आमच्या शेजारच्या मावशींनी त्यांच्या सासऱ्यांचा अख्खा अल्बम एका प्रदर्शनासाठी दिला होता, पावती नाही, काही नाही, विश्वासावर. प्रदर्शन झालं, अल्बम गेला तो गेलाच. विचारायला गेलं की आधीचे साहेब बदलले, नवीन साहेबांना माहीत नाही. मावशी आता कुणालाच काही दाखवत नाहीत. तर वस्तू घेऊच नका. स्कॅनर घेऊन पेठापेठांत या, शनिवार-रविवारी, तालमीच्या हॉलमधी, शाळेत, लोकांच्या डोळ्यादेखत स्कॅन करा, फोटोतल्या माणसांची नावं तिथंच लिहून घ्या, आणि वस्तू मालकाच्या हातात परत द्या. वर एक चांगली छापील प्रत त्यांना भेट द्या. बघा कशी रांग लागते.

आणि ज्या काही प्रती होतील त्या एकाच इमारतीत ठेवू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी बघितलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. रडलं गाव. जयप्रभाची आग, पुण्याची आग, नाट्यगृहाची आग, अजून किती वेळा शिकायचं. एक प्रत चित्रनगरीत, एक विद्यापीठात, एक पुण्याला, एवढं केलं तरी झोप लागेल.

खडकलाटला पण विसरू नका. सीमेचं राजकारण ज्याचं त्यानं बघावं, पण त्या गावातल्या शाळेत दीदींचा पिक्चर कोल्हापूरनं नेऊन दाखवला तर कुठलं सरकार अडवणार आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, त्या मातीतली दीदींची बोली कशी असेल ते तिथंच ऐकायला मिळेल, भालजींनी काय घडवलं ते त्यावरनं कळेल.

एक भीती आहे ती बोलून टाकते. १ जून २०२९ ला प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेला शंभर वर्षं होणार, ती पण कोल्हापुरातच स्थापन झालेली. म्हणजे दीदींच्या शताब्दीनंतर वर्षभराच्या आत. तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणणार की दोन-दोन कार्यक्रम कशाला, पैसे कमी आहेत, एकत्रच करू, प्रभातच्या वेळी दीदींचा पण एक फोटो लावू. कृपा करून असं होऊ देऊ नका. दामले, फत्तेलाल, शांतारामबापू, धायबर, कुलकर्णी, या पाचही भागीदारांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे, प्रभातच्या शताब्दीला मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन. पण दीदींचं वर्ष दीदींचं. दरवेळी बाईनंच सरकून जागा द्यायची, हे पडद्यावर त्यांनी भरपूर करून झालंय.

तर तुमच्याकडनं मला तीन गोष्टींचं उत्तर पाहिजे, आणि ते लेखी, जाहीर. या कामाला तुमच्यापैकी कुणी एक माणूस नेमणार का, ज्याचं नाव आणि बसायची जागा लोकांना माहीत असेल, कारण तीन संस्था मिळून काम करतो म्हटलं की कुणीच करत नाही हे आपण बघितलंय. पुण्याला यादी मागवणारं पत्र कधी जाणार. आणि पहिलं स्कॅनिंग कुठल्या पेठेत, कुठल्या रविवारी. शनिवार पेठेत घेणार असाल तर हॉल, टेबलं, लाईट, चहापाणी आणि दहा-बारा मदतीच्या पोरी-पोरं याची जबाबदारी आम्ही गल्लीतल्या बायका घ्यायला तयार आहोत, त्या लाइटमन आजोबांच्या घरच्यांशी पण बोलून झालंय, ते फोटो घेऊन येणार म्हणालेत.

आपली,
शनिवार पेठेतली एक प्रेक्षक
कोल्हापूर